उंबऱ्यात आडवी

"आपा, जरा डावीकडे सरका. पायाकडून फट राहतेय," तुर्सुन म्हणाली.

"राहू दे फट. मी काय दाराचा अडसर आहे?"

"आजच्या दिवस आहात," असं म्हणून तुर्सुन हसली आणि जावेच्या डोक्याखाली तिनं एक उशी सरकवली.

कालिपा उंबऱ्यात कुशीवर पडली होती. चौसष्ट वर्षांच्या कंबरेला उंबऱ्याचं लाकूड टोचत होतं. अर्धं अंग घरात, अर्धं अंगणात. अंगणाकडच्या बाजूला ऑक्टोबरचं कोवळं ऊन होतं आणि घराकडच्या बाजूला कणकेच्या तळलेल्या बोरसोकचा वास. खानदानातली सगळ्यांत वडील बाई अशी उंबऱ्यात आडवी पडली की तिला ओलांडून जायची कुणाची छाती होत नाही. ओलांडलं तर त्या बाईचा तळतळाट लागतो, कूस उजवत नाही, हाती घेतलेलं काम तडीला जात नाही. पळवून आणलेली मुलगी किती का तडफडेना, इथवर येते आणि थांबते. थांबली की मग हळूहळू रडणंही थांबतं. कालिपाच्या वेळी तिची सासू आडवी पडली होती. सासू गेल्यावर हे काम आपोआप कालिपाकडे आलं. आजची ही पाचवी मुलगी.

पाचातल्या दोघी आधीच ठरवून, मुलाचा हात धरून आलेल्या होत्या. त्यांच्यासाठी आडवं पडणं म्हणजे नुसता मान होता. कालिपा पडली, लोक हसले, तिला नवा कोट मिळाला.

आजची तशी नव्हती. तिचं नाव बेगिमाय. एकोणीस वर्षांची, जिल्ह्याच्या गावी फार्मसीचं शिक्षण घेत होती. काल दुपारी तुर्सुनच्या मुलानं, दोलोतनं, तीन मित्र घेऊन तिला कॉलेजच्या फाटकासमोरून गाडीत कोंबलं होतं. दोघांची आधीची ओळख म्हणजे एका लग्नात तो तिच्याशी नाचला होता, एवढीच. आता ती आतल्या खोलीत पडद्यामागे होती आणि चार बायका तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायच्या खटपटीत होत्या. रुमाल बांधला गेला की सून झाली.

"फेकला गं बाई! चौथ्यांदा फेकला!" आतून कुणीतरी ओरडलं.

कालिपानं ऐकलं आणि तिच्या पोटात एकदम जळल्यासारखं झालं.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती स्वतः अशाच पडद्यामागे बसली होती. लोकरीच्या वजनकाट्यावर मावशीला मदत करायला निघाली होती, तिथून उचलून आणलं. तिनं रुमाल तीनदा फेकला होता. चौथ्यांदा बांधला तेव्हा तो राहिला. तिचं दुसऱ्या कुणावर मन नव्हतं, शिकायला शहरात जायचं होतं असंही काही नव्हतं. नको होतं, एवढंच. पुढे संसार झाला. सरकारी गोठ्यात तीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या, चार मुलं झाली, लोकरीचे नमदे शिवले, विकले. नवरा एसेन ट्रॅक्टर चालवायचा. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत त्यानं दोनदा हात उचलला, मग नाही. गावात तिला सुखी बाई म्हणत, आणि ती नव्हती असं तिलाही कधी म्हणता आलं नसतं.

"पाचव्यांदा!"

"एवढी कसली मिजास," कालिपा पुटपुटली. "आम्ही काय माणसं नव्हतो?"

आत कानाखाली मारल्याचा आवाज झाला. मग दोलोतचा आवाज आला, "बस म्हटलं ना!" पोरीचा आवाज आलाच नाही. त्याचाही कालिपाला राग आला. तिला स्वतःला मारलं होतं तेव्हा ती केवढ्यानं ओरडली होती.

सातव्यांदा रुमाल फेकला गेला तेव्हा अंगणाचं फाटक वाजलं.

आत आलेला माणूस ठेंगणा होता, अंगावर विजेच्या खांबांवर चढणाऱ्यांचा पट्टा, पट्ट्यात पकडी लटकलेल्या. पोरीचा बाप, कुर्मान. कामावरून थेट आला होता. तुर्सुनच्या नवऱ्यानं पुढं होऊन दोन्ही हात पसरले.

"या व्याही, या! आधी नानचा तुकडा मोडा, मग बोलू. काय पोरं बघा, आम्हाला न विचारता—"

नानची थाळी पुढं आली. आपल्याकडे शत्रूच्या घरी गेलेला माणूसही एवढा तुकडा तोंडात टाकतो. कालिपाचा बाप आला होता तेव्हा त्यानं तुकडा मोडला होता, मग चहा प्याला होता, मग मेंढीच्या शेपटीची चरबी खाल्ली होती, आणि खांद्यावर भेटीचा नवा झगा घेऊन निघून गेला होता. तो जाताना कालिपानं पडद्याच्या फटीतून फक्त त्याची पाठ पाहिली होती.

कुर्माननं नानकडं पाहिलंसुद्धा नाही. अंगणाच्या मधोमध उभा राहून त्यानं हाक मारली.

"बेगिमाय! बूट घाल. चल."

आतून मग बायकांची कुजबुज आणि पोरीचा आवाज. तिचा आवाज कालिपा पहिल्यांदाच ऐकत होती. तो घोगरा होता.

"बूट लपवलेत यांनी."

"राहू देत."

ती आली. अनवाणी, एका बाहीची शिवण उसवलेली, मनगटांवर बोटांचे निळे वळ. उंबऱ्याशी येऊन थांबली. सगळ्या जणी थांबतात तशीच. कालिपाला तिचे पाय दिसत होते, पायांच्या नखांना लावलेला, अर्धा उडालेला रंग दिसत होता.

"बघ हं मुली," तुर्सुन मागून म्हणाली, "आपाचे पांढरे केस आहेत. ओलांडशील तर जन्मभर भोगशील."

कालिपानं डोळे मिटले नाहीत. ती मनात म्हणत होती, थांब. थांब ना. आम्ही थांबलो, तू पण थांब. असलं वाईट तिच्या मनात याआधी कधी आलं नव्हतं असं म्हणता येत नाही. पण इतकं स्पष्ट कधी आलं नव्हतं.

पोरीनं उजवा पाय उचलला, मग डावा. कालिपाच्या कोटाच्या कडेला तिची टाच पुसटशी घासली. आणि ती अंगणात होती. बापानं पट्ट्याच्या पकडी सावरल्या, पोरीच्या खांद्यावर आपलं जाकीट टाकलं, फाटक वाजलं.

झालं. एवढंच होतं ते.

"उठा आता आपा," तुर्सुन रडवेल्या आवाजात म्हणाली. "काय राखलंत?"

पण कालिपा बराच वेळ उठली नाही. तिला वाटलं सेहेचाळीस वर्षं आपण जे ओलांडता येत नाही असं समजत होतो, ते जेमतेम वीतभर उंच होतं.

*

त्यानंतर ती तळतळाट लागायची वाट बघू लागली.

कुणी जिल्ह्याच्या गावाहून आलं की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "ती विजेच्या माणसाची पोरगी कशी आहे गं? आजारी आहे म्हणे?"

"कुठली आजारी? परीक्षेत पहिली आली."

"केस गळतायत म्हणे?"

"केस? छे! कापलेत मात्र. खांद्यापर्यंत. छान दिसते."

कालिपा घरी येऊन नमद्याला नको तेवढ्या जोरानं टाके घालायची. एसेन चहाची वाटी पुढं करून म्हणायचा, "सुई मोडशील."

"मोडू दे."

तो पुढं काही विचारायचा नाही. त्याचा तो स्वभावच नव्हता.

कुर्माननं फिर्याद केली होती. पूर्वी असल्या गोष्टीत फिर्याद म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही घरांना बसवून एक मेंढी कापणं. पण आता कायदा कडक झाला होता, तुरुंगाची शिक्षा होती. दोलोतला नेलं होतं. तुर्सुनच्या घरात चूल पेटायची बंद झाली नव्हती, पण तिचं तोंड उतरलं होतं. पोरगी खुशीनं आली आणि बापाच्या भीतीनं परत गेली, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं होतं. त्या चार बायकांनी तसं सांगितलंही होतं. राहिली होती कालिपा.

"तुम्ही सगळ्यांत थोरल्या," तुर्सुन म्हणाली. ती कालिपाच्या ओट्यावर बसून सुकी जर्दाळू निवडत होती. "तुमचं न्यायाधीश ऐकणार. जास्त काही नाही बोलायचं. सून रीतीप्रमाणं रडत होती, एवढंच. मी तिला हसताना पाहिलं, असंही म्हणा जमलं तर."

"मी दारात होते. मला काय दिसणार हसताना?"

"मग ऐकलं म्हणा."

"आणि कानाखाली मारलेली? तीही ऐकली म्हणू?"

तुर्सुनचा हात थांबला. "आपा, तुमचा पुतण्या आहे तो. तुमच्याच अंगाखांद्यावर खेळलाय. चुकला असेल, पण म्हणून पाच-सात वर्षं तुरुंगात? आणि कुणासाठी? जिनं तुम्हाला ओलांडलं तिच्यासाठी? माझ्या जागी तुम्ही असतात तर तिचे डोळे ओरबाडले असते!"

"ओरबाडलेच असते," कालिपा म्हणाली. ते खरं होतं. तुर्सुनला हायसं वाटलं.

"तेच म्हणते मी. त्या पोरीला कसली आलीय कायद्याची हौस! आपल्याला कुणी कायदे दाखवले? आपण राहिलो ना? मेलो का?"

"नाही मेलो."

"मग!"

जाताना तुर्सुन गुपचूप एक प्लास्टिकची पिशवी ठेवून गेली. आत पोरीचे बूट होते. पांढरे, कॅनव्हासचे. पिठाच्या पिंपात लपवलेले असल्यामुळे शिवणींत पीठ अडकलं होतं. "पोलीस घर तपासतायत. तुमच्याकडं कोण बघणार? जाळून टाका," एवढं ती फाटकातून म्हणाली.

कालिपानं ते जाळले नाहीत. दोन दिवस ते पिशवीत, दारामागच्या खुंटीला होते. एकदा एसेन बाहेर गेला असताना तिनं एका बुटात पाय घालून पाहिला. टाच आत गेली नाही.

तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या मोटारीनं जिल्ह्याच्या गावी गेली. बूट द्यायला जातेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर तिला त्या पोरीचा चेहरा बघायचा होता. कुठेतरी काहीतरी खुणेसारखं असेलच. कोमेजलेली असेल, नजर खाली असेल. निदान रात्री झोप लागत नसेल.

बेगिमाय बाजारातल्या एका औषधांच्या दुकानात शिकाऊ म्हणून उभी होती. पांढरा कोट, कापलेले केस कानामागे. एका म्हाताऱ्याला ती डोळ्यांत थेंब कसे घालायचे ते दाखवत होती.

"वर बघा आजोबा. छताकडं. छतावर काय आहे?"

"काही नाही."

"मग काही नाहीकडंच बघत राहा. एक... झालं!"

म्हातारा हसला. कालिपाच्या मनात आलं, हिला हे जमतं. सेहेचाळीस वर्षांत मी कुणाला असं हसवलंय का? मग तिला आठवलं की मुलांना हसवलं होतं, पण ते मोजण्यात धरायला तिचं मन तयार होईना.

म्हातारा गेल्यावर पोरीनं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. एक हात मागच्या कपाटाला टेकला. हे बघून कालिपाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती जास्तच कडक बोलली.

"घाबरू नकोस. पळवायला नाही आले. तुझे बूट आणलेत."

पोरीनं पिशवीत पाहिलं. 

"पीठ लागलंय," कालिपा म्हणाली. "झटकलं तर जाईल."

"आपा... त्या दिवशी माझा पाय लागला का तुम्हाला?"

कालिपाला हे अपेक्षित नव्हतं.

"काय?"

"ओलांडताना. काहीतरी लागल्यासारखं वाटलं मला. माझ्या मनात राहिलंय ते. लागला असेल तर माफ करा."

"मग ओलांडलंसच कशाला?" कालिपा एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरच्या भाजीवालीनं मान वळवली. "एवढी माझी काळजी होती तर ओलांडलंस कशाला?"

"घरी जायचं होतं," पोरगी म्हणाली.

असं साधं. जणू पाऊस आला म्हणून छत्री उघडली.

"सगळ्यांनाच जायचं असतं घरी! तू काय एकटी आहेस?"

बेगिमाय तिच्याकडं बघत राहिली. ती हुशार मुलगी होती, तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कालिपानं त्या दिवशी खोटं सांगितलं असतं आणि मग कदाचित कोर्टातही.

"तुमचं नाव साक्षीदारांत आहे," पोरगी शेवटी म्हणाली. "त्या सगळ्या म्हणाल्यात की मी हसत होते. तुम्ही काय सांगणार?"

"काय सांगायचं ते मी बघेन. तू मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत."

"केस का कापलेस?"

पोरीनं मानेवरून हात फिरवला. "ओढायला सापडू नयेत म्हणून."

परतीच्या मोटारीत कालिपा खिडकीशी बसली होती. शेजारच्या बाईनं तिला सूर्यफुलाच्या बिया दिल्या, तिनं त्या मुठीत तशाच धरून ठेवल्या. पोरीला झोप लागत नव्हती हे उघड होतं, डोळ्यांखाली काळं होतं. हवं ते बघायला मिळालं होतं. पण त्यानं जळणं काही कमी झालं नव्हतं. उलट आता तिला नेमकं कळत होतं की आपण कशावर जळतोय. शिक्षणावर नाही, केसांवर नाही, अंगणात उभ्या राहिलेल्या बापावरही नाही, म्हणजे थोडंफार बापावर, पण मुख्य त्यावर नाही. पोरीला जे नको होतं ते नकोच राहिलं होतं. कालिपाचं 'नको' कधीतरी, तिलाही न कळता, 'चालेल' झालं होतं. नेमकं कुठल्या वर्षी, हे आता आठवत नव्हतं.

*

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. न्यायाधीश चाळिशीची बाई होती, चष्मा लावलेली, समोर पाण्याचा पेला. ती बोलायला लागली की पुरुष गप्प होत. कालिपाला तिचाही हेवा वाटला. गजांच्या आड दोलोत बसला होता, दाढी वाढलेली, तिच्याकडं लहानपणी जसा बघायचा तसा बघत. तुर्सुन आणि तिच्या घरची माणसं पहिल्या बाकांवर. एसेन तिसऱ्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून. बेगिमाय आणि तिचा बाप पलीकडच्या बाजूला.

कालिपानं नाव सांगितलं, वय सांगितलं, खोटं बोलणार नाही असं सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं ते सगळं तिनं सरळ सांगितलं. हो, मी उंबऱ्यात आडवी होते. हो, चार बायका आत होत्या. हो, मनगटावर वळ होते, मी वीतभरावरून पाहिले. कानाखाली मारल्याचं ऐकलं. कुणी मारलं ते दिसलं नाही, पण पाठोपाठ दोलोतचाच आवाज आला. बूट? पिठाच्या पिंपात होते. मला जाळायला दिले होते.

तुर्सुनच्या तोंडून एक आवाज निघाला. न्यायाधीश बाईनं पेन्सिल टेबलावर आपटली.

मग दोलोतचा वकील उठला. तरणा, गुळगुळीत बोलणारा, आईशी बोलावं तसं बोलत होता.

"आपा, तुम्ही जुनं माणूस. मला रीत सांगा. नवी सून रडते की नाही?"

"रडते."

"रुमाल बांधताना मान फिरवते?"

"फिरवते."

"अगदी राजीखुशीनं, पळून जायचं ठरवून आलेलीसुद्धा?"

"तीही. लोक काय म्हणतील म्हणून रडावं लागतं."

"म्हणजे रडणं, मान फिरवणं, रुमाल फेकणं, ही आपली रीतच. खरं ना? मग ही मुलगी रीतीप्रमाणं रडत होती की तिला खरंच नको होतं, हे तुम्हाला दारात झोपल्या झोपल्या कसं कळलं?" तो बाकांकडं वळून हसला. "तुम्हाला मनातलं वाचता येतं?"

बाकांवर काही लोक हसले.  कालिपानं उभं राहायला धरलेला कठडा जरा घट्ट धरला.

"मला तिचा हेवा वाटला," ती म्हणाली. "त्यावरून कळलं."

"काय वाटला?"

"हेवा. मत्सर. आमच्याकडं जळणं म्हणतात."

वकील न्यायाधीश बाईकडं वळला, "साक्षीदार मुद्दा सोडून—"

"बोलू द्या," न्यायाधीश म्हणाली. "आपा, नीट सांगा."

"नीट सांगता येईल की नाही माहीत नाही बाई. मी काही शिकलेली नाही." कालिपा थांबली. "आमच्या घरात मी पाच मुलींसाठी आडवी पडले. त्यातल्या दोघी ठरवून आल्या होत्या. त्याही रडल्या. एक तर एवढी रडली की तिचं नाक सुजलं. त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. का वाटावा? त्यांना जे हवं होतं ते माझ्याकडंही होतं. घर होतं, नवरा होता, पोरं होती. माझं त्यांच्यापेक्षा काही कमी नव्हतं. पण या पोरीनं चौथ्यांदा रुमाल फेकला ना, तेव्हा माझ्या पोटात आग पडली. मी तीनच वेळा फेकला होता."

न्यायाधीश बाईनं कागद पुढं ओढला.

"उरलेल्या दोघींपैकी एकीनं दोनदा फेकला, एकीनं तीनदा. मी आडवी होते म्हणून त्या थांबल्या. त्यांच्यावरही मी तेव्हा जळतच होते, थांबेपर्यंत. थांबल्यावर बरं वाटलं. हे पाप माझं. लिहायचं तर लिहा. पण खरंच नको असतं ना, ते माझ्यासारखीला लगेच ओळखू येतं. भुकेल्याला दुसऱ्याच्या घरचा वास येतो तसं."

वकिलानं घसा साफ केला. त्याचं हसू गेलं नव्हतं, पण पातळ झालं होतं.

"म्हणजे तुम्ही कबूल करताय की तुम्ही मत्सरापोटी साक्ष देताय."

"मत्सरापोटीच देतेय," कालिपा म्हणाली. "पण खोटी देत नाहीये."

न्यायाधीश बाई बराच वेळ लिहीत होती. मग चष्म्यावरून बघून म्हणाली, "तुम्ही दार अडवलंत हेही यात येईल. त्याबद्दल तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. कळतंय ना?"

"विचारा."

बसायला वळली तेव्हा तिसऱ्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला. एसेनचा खोकला तिनं अंधारातही ओळखला असता. तिनं तिकडं पाहिलं नाही.

*

निकाल पुढच्या आठवड्यात होता. लोक पायऱ्या उतरून बाहेर आले. तुर्सुन तिच्या अंगावर चालून आली, घरच्यांनी तिला धरलं.

"तुम्ही मेलात ना आपा, तर आमच्यातली एक बाई तुमच्या नावानं रडायला येणार नाही! एकसुद्धा!"

"नका येऊ," कालिपा म्हणाली. "तुमचं ते रडणं तरी कुठलं खरं, रीतीचंच."

पण पुतण्या तो पुतण्या होता. तो चालायला शिकला तो हिच्या गोठ्याच्या दोरीला धरून. तुर्सुनच्या घरची सगळी माणसं एका गाडीत बसली, गाडीचं दार तिच्या तोंडावर बंद झालं.

बेगिमाय बापाबरोबर पायऱ्या उतरली. कालिपापाशी येऊन क्षणभर थांबली, काहीतरी बोलणार होती. पण कालिपानं हातानंच जा म्हणून खूण केली. तिला आभार नको होते. आभार घेतले असते तर आपण तिच्यासाठी काही केलं असं झालं असतं. ती बापलेक रस्त्याला लागली. "मला इतकी भूक लागलीय ना," असं पोरगी म्हणताना ऐकू आलं, आणि बाप काहीतरी म्हणाला, आणि ती हसली. ते हसणं कालिपाच्या काळजात गेलं. जळणं काही संपलं नव्हतं. बहुधा ते संपायचंही नव्हतं.

मोटारस्थानकाच्या बाजूला एसेनची जुनी मोस्क्विच गाडी उभी होती. एरवी तो आधी जाऊन इंजिन चालू करतो आणि कालिपा पिशव्या घेऊन मागनं येऊन बसते. आज तो गाडीबाहेर उभा होता. टोपी अजून हातातच.

"तीन वेळा?" त्यानं विचारलं.

"तीन."

"आई म्हणाली होती, मुलगी लाजाळू आहे."

कालिपानं कोटाचं बटण लावलं.

"मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो," तो म्हणाला. "आतला आवाज कानावर येऊ नये म्हणून." मग ते आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं असावं. त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. सत्तरीला टेकलेला माणूस, पण शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा दिसत होता. 

"घरी येतेस का?" त्यानं विचारलं. "नाही म्हणजे... तुझ्या भावाकडं सोडायचं असलं तर तिकडं सोडतो. की थोरल्या मुलीकडं. तू म्हणशील तसं."

त्यानं ते कसंबसं विचारलं होतं, अडखळत, जमिनीकडं बघत. कालिपानं त्याच्याकडं पाहिलं. घरी दोन गाई होत्या, पाच वाजता धारेची वेळ. चुलीवर सकाळचा रस्सा होता. अर्धा शिवलेला नमदा होता. उत्तर द्यायला काहीच वेळ लागायला नको होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "विचार करते."

एसेननं मान डोलावली. तो गाडीत जाऊन बसला, दार हलकेच ओढून घेतलं, पण किल्ली फिरवली नाही. कालिपा स्थानकाच्या बाकावर बसली.

"आजी, एकच जागा उरलीय, या लवकर!" एका मोटारीचा चालक ओरडला. तिनं हात हलवून त्याला पुढं जायला सांगितलं. मोटार गेली. दुसरी येऊन लागली आणि भरायला लागली. कालिपानं पाय वर घेतले, बाकावर मांडी घातली, कोट गुडघ्यांवर ओढून घेतला.

गाडीच्या काचेतून एसेनला ती दिसत होती. तो वाट बघत राहिला.